गाडीच्या रंगाला कोणतं पॉलिश, कोणतं पॅड?

गडद रंगाची गाडी दुपारच्या उन्हात उभी करा आणि बोनेटमध्ये सूर्याचं प्रतिबिंब बघा. त्याच्याभोवती बारीक रेघांची गोल गोल कडी दिसतील. खरं तर हे ओरखडे गोल नसतात. वेगवेगळ्या दिशांनी गेलेल्या हजारो रेघांपैकी ज्या प्रकाशाला आडव्या पडतात तेवढ्याच चमकतात, म्हणून डोळ्याला वर्तुळं दिसतात. हातातला दिवा सरकवला की वर्तुळंही सरकतात. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवरही रेघा तेवढ्याच असतात, फक्त तिथे त्या लपून जातात. काळ्या रंगावर लपायला जागाच नसते.

हे ओरखडे येतात बहुतेक वेळा पुसण्यातूनच. सोसायटीत पहाटे दहा-बारा गाड्या एका बादलीत आणि एका फडक्यात उरकल्या जातात, आणि पहिल्या गाडीची माती शेवटच्या गाडीवर घासली जाते. कोकणातली लाल धूळ असो की रस्त्याच्या कामाची सिमेंट-खडीची धूळ, ती कोरड्या फडक्याने झटकली की तिचा प्रत्येक कण रंगावर रेघ ओढत जातो. मग कुणीतरी सांगतं, ‘रबिंग-पॉलिश मारून घे, नवी दिसेल.’ आणि शोधायला बसलं की समोर असंख्य बाटल्या आणि पॉलिशच्या मशीनला लावायची हरतऱ्हेच्या रंगांची पॅड येतात.

सगळ्यात चांगलं पॉलिश कोणतं, असं मला लोक विचारतात. याला एका नावात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पॉलिश, पॅड, मशीन आणि खालचा रंग हे चौघे मिळून जे करतात तोच निकाल असतो. यांतला एक बदलला की बाकीच्यांचं वागणंही बदलतं. रंग तर तुम्हाला बदलता येत नाही, म्हणून उरलेले तिघे रंगाच्या कलाने निवडायचे. त्याची एक ठरलेली रीत आहे आणि ती कुणालाही जमेल अशी आहे.

आपण नेमकं काय घासतोय

कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर आधी गंजरोधक थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. एवढं सगळं मिळून जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरते. १ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास असतो. चमक त्याचीच, ओरखडे त्याच्यावरच, आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला जपतो तोही तोच.

पॉलिश केल्याने ओरखडा भरून येत नाही. ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो, तेव्हा ओरखडा नाहीसा होतो. म्हणजे प्रत्येक वेळी थोडा क्लिअर कोट खर्च होतो. हलक्या पॉलिशने एखाद-दोन मायक्रॉन जातात, जोरदार कंपाउंडने त्याहून जास्त. गेलेला थर परत येत नाही. दर दिवाळीला हौसेने गाडी ‘रबिंग’ करून घेणाऱ्यांच्या बोनेटवर आणि टपावर काही वर्षांनी पांढरट पोपडे निघायला लागतात. त्यात उन्हाचा वाटा मोठा असतो, पण घासून पातळ केलेला थर उन्हाला लवकर हार जातो. सगळी निवड या एका गोष्टीभोवती फिरते: ज्याने काम होतं त्यातलं सगळ्यात सौम्य जे असेल ते वापरायचं.

जो ओरखडा नखाला अडकतो, तो पॉलिशने पूर्ण काढायच्या फंदात पडू नका. तो खोल असतो. त्याच्या तळापर्यंत जायचं म्हणजे क्लिअर कोट जवळजवळ संपवायचा. त्याच्या कडा थोड्या बोथट केल्या की तो कमी चमकतो, तेवढ्यावर समाधान मानावं.

काही सॉलिड, म्हणजे धातूची झाक नसलेल्या साध्या रंगांवर, विशेषतः जुन्या गाड्यांच्या आणि ट्रक-टेम्पोंच्या, क्लिअर कोट नसतोच. नजरेआडच्या एखाद्या कोपऱ्यात पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन घासा. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर वर पारदर्शक थर नाही. अशा गाडीला पॉलिश करता येतं, फक्त पॅड रंगलेलं बघून घाबरायचं नाही आणि हात आखडता ठेवायचा.

पॉलिशमध्ये काय असतं

बाटलीत असतात घासणारे अतिबारीक कण, बहुतेक वेळा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, आणि त्यांना वाहून नेणारं तेल-पाण्याचं मिश्रण. कण मोठे किंवा जास्त धारदार असले की आपण त्याला कंपाउंड म्हणतो, आणि कण बारीक असले की फिनिशिंग पॉलिश. मधल्यांना मीडियम कट म्हणतात. कट म्हणजे पॉलिशची कापायची, घासायची ताकद. यांच्यामध्ये पक्की सीमारेषा कुणी आखलेली नाही. एका कंपनीचं ‘मीडियम’ दुसऱ्या कंपनीच्या ‘हेवी’च्या जवळ जाऊ शकतं. अनेक बाटल्यांवर कट आणि चमक किती, याची पट्टी छापलेली असते. ती त्याच कंपनीच्या दोन बाटल्यांची तुलना करायला उपयोगी पडते, दोन कंपन्यांची करायला नाही. आकड्यांचंही तेच. मेंझेर्नाच्या बाटल्यांवर ४००, २५००, ३८०० असे आकडे दिसतात. तिथे आकडा जितका मोठा तितकं पॉलिश बारीक. मेग्वायर्सच्या १०५ आणि २०५ या आकड्यांत मात्र तसा काही अर्थ नाही. १०५ हे कंपाउंड आहे, २०५ हे फिनिशिंग पॉलिश, आणि एवढं पाठ असलं तरी पुरे.

यापेक्षा महत्त्वाचा फरक कणांच्या स्वभावात आहे. काही पॉलिशचे कण घासता घासता फुटत जातात आणि बारीक होतात. मेंझेर्ना या पद्धतीसाठी ओळखलं जातं. अशा पॉलिशला पूर्ण वेळ द्यावा लागतो. मध्येच थांबलात तर कण अजून मोठे असतात आणि मागे धुरकट थर राहतो. दुसऱ्या प्रकारचे कण सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढेच राहतात. मेग्वायर्सची वर सांगितलेली दोन्ही पॉलिश या प्रकारातली. यांना किती वेळ घासायचं ते तुम्ही ठरवता. ओरखडे गेले की थांबायचं. वाळेपर्यंत घासत बसलात तर फायदा काही नाही, भुकटी मात्र उडते. एखादं पॉलिश ‘चालत नाही’ अशी तक्रार ऐकू आली की मी आधी हेच विचारतो, की ते यांपैकी कोणत्या जातीचं आहे आणि त्याला किती वेळ दिला.

एका गोष्टीपासून सावध राहा. काही स्वस्त पॉलिशमध्ये आणि ग्लेझमध्ये, म्हणजे नुसती चमक देणाऱ्या लेपांमध्ये, ओरखडे बुजवणारी तेलं आणि भर घातलेली असते. गाडी ताब्यात घेताना आरशासारखी दिसते आणि दोन-तीन धुण्यांत ओरखड्यांची सगळी जाळी परत येते. म्हणून कोणतंही पॉलिश करून झालं की आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून, साधारण एक भाग अल्कोहोलला चार-पाच भाग पाणी या प्रमाणात, त्याने तो भाग पुसावा आणि मगच दिव्याखाली बघावं. तेल निघून गेल्यावर जे दिसतं ते खरं.

पॅड म्हणजे अर्धं काम

भांडी घासताना तीच पावडर काथ्याच्या घासणीवर घेतली तर करपलेलं निघतं, मऊ फडक्यावर घेतली तर नुसती चमक येते. पॅडचं तसंच आहे. तेच पॉलिश पॅड बदललं की वेगळं वागतं, आणि नवखे लोक नेमकं इथेच चुकतात. ते बाटलीवर पैसे खर्च करतात आणि पॅड मशीनसोबत आलेलंच वापरतात.

लोकरीचं पॅड सगळ्यात वेगाने कापतं. केसांमधून हवा खेळत असल्याने ते फोमपेक्षा रंगाला कमी तापवतं, पण मागे रेघा आणि धूसरपणा सोडतं. मायक्रोफायबरचं पॅड ड्युअल ॲक्शन मशीनवर, म्हणजे पॅड फिरवणाऱ्या आणि थरथरवणाऱ्या मशीनवर, फार कामाचं. तंतूंची हजारो टोकं स्वतःच थोडं घासतात, त्यामुळे कडक रंगावर ते फोमला मागे टाकतं. मात्र त्यात घासलेला रंग आणि वाळलेलं पॉलिश लवकर अडकतं, म्हणून प्रत्येक टप्प्यानंतर ते ब्रशने किंवा हवेने साफ करावं लागतं. फोम सगळ्यात समजूतदार. कडक फोम कापतो, मध्यम फोम पॉलिश करतो, मऊ फोम शेवटची चमक काढतो. बोटांनी दाबून बघितलं तरी फरक कळतो. पातळ पॅड मशीनची हालचाल थेट रंगापर्यंत पोचवतं, तर जाड पॅड ती थोडी गिळतं पण वळणांवर छान बसतं.

पॅडच्या स्वतःच्या रंगावरून पॅड निवडू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. रुपेस या इटालियन कंपनीचं निळं पॅड सगळ्यात कडक, हिरवं मध्यम, पिवळं बारीक आणि पांढरं सगळ्यात बारीक असतं. लेक कंट्रीच्या अनेक पॅडमध्ये मात्र पिवळं कापणारं आणि पांढरं पॉलिशचं. थ्रीएमच्या ओळीत हिरव्यापासून सुरुवात होते, मग पिवळं, आणि निळं सगळ्यात बारीक. म्हणजे एकाचं निळं सगळ्यात आक्रमक, तर दुसऱ्याचं निळं सगळ्यात सौम्य. एखाद्या व्हिडिओत कुणी ‘पिवळं पॅड घ्या’ म्हणालं, तर आधी कंपनी बघा.

मापही नीट घ्या. पॅड मशीनच्या बॅकिंग प्लेटपेक्षा, म्हणजे ते ज्या चकतीवर चिकटतं तिच्यापेक्षा, थोडं मोठं हवं, म्हणजे ५ इंचाच्या प्लेटला साधारण साडेपाच इंचांचं, नाहीतर प्लेटची कड एखाद्या वळणावर रंगाला लागते. दरवाजाच्या हँडलभोवती, खांबांवर, बंपरच्या खाचांत ३ इंचाचं छोटं पॅड लागतंच.

मशीनबद्दल थोडक्यात

एकाच अक्षावर गोल फिरणारं रोटरी मशीन वेगवान आहे, पण एका जागी थांबलं की रंग तापवतं, आणि अनाडी हातात उन्हात सरकणाऱ्या सावल्यांसारखे पट्टे, म्हणजे होलोग्राम, सोडतं. रस्त्याकडेच्या बहुतेक रबिंगवाल्यांकडे हेच असतं. घरी पहिल्यांदा करणाऱ्याने ड्युअल ॲक्शन घ्यावं. त्यात पॅड फिरतंही आणि थरथरतंही, म्हणून उष्णता एका जागी साचत नाही. ८ मिलिमीटरच्या थरथरीचं मशीन नियंत्रणाला सोपं पडतं, १५ आणि २१ मिलिमीटरची सपाट भागावर लवकर काम उरकतात. बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ ओढून ठेवा. जास्त दाबलं किंवा वळणावर मशीन तिरकं धरलं की पॅड फिरायचं थांबतं, नुसतं थरथरतं, आणि काम जवळजवळ होत नाही. रेघ फिरताना दिसते आहे का, एवढं बघत राहिलं की पुरे.

रंग कडक की मऊ

हा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मजेचा भाग. क्लिअर कोट सगळीकडे सारखा नसतो. मर्सिडीजने २००३ च्या सुमाराला सूक्ष्म सिरॅमिक कण असलेला, ओरखड्यांना दाद न देणारा क्लिअर कोट आणला. तेव्हापासून डिटेलिंगवाले, म्हणजे गाडी बारकाईने साफ-पॉलिश करून देणारे, त्या गाड्यांकडे जरा दबकूनच बघतात, कारण फिनिशिंग पॉलिशने तिथे काही हलत नाही. दुसऱ्या टोकाला काही जपानी गाड्यांचा गडद रंग इतका मऊ असतो की पॉलिश पुसायच्या मायक्रोफायबर फडक्यानेच त्यावर नव्या बारीक रेघा उमटतात.

यावरून ‘जर्मन कडक, जपानी मऊ’ असा नियम केला जातो. तो अंदाज म्हणून ठीक आहे, भरवशाचा नाही. कंपनी तीच असली तरी कारखाना, वर्ष आणि रंगाची छटा बदलली की कडकपणा बदलतो. एकाच गाडीवरही बदलतो: ठोकर लागून डेंटिंग-पेंटिंगला गेलेला फेंडर गॅरेजमध्ये रंगवलेला असतो, त्याचा क्लिअर कोट कारखान्यातल्यासारखा भट्टीत भाजलेला नसतो आणि बहुतेक वेळा मऊ असतो. जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर प्रत्येक भाग मोजा. बाकी गाडी १२० दाखवते आणि एकच दरवाजा २५०, तर तो दरवाजा पुन्हा रंगवलेला आहे. जाडी जास्त म्हणून तो सुरक्षित, असं मात्र समजू नका, कारण ती जाडी खाली भरलेल्या पुट्टीची किंवा प्रायमरचीही असू शकते. साधं यंत्र प्लास्टिकच्या बंपरवर चालतच नाही. बंपरवर उष्णताही साचून राहते, तिथे दाब आणि वेग दोन्ही कमी ठेवा.

चाचणीचा तुकडा

आता खरी निवड. आधी गाडी धुवा. ब्रेकच्या लोखंडी कणांसाठी आयर्न रिमूव्हर मारा, तो जिथे जांभळा ओघळतो तिथे लोखंड आहे असं समजा. मग क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेले कण ओढून काढणारा मऊ मातीसारखा गोळा, फिरवा. ही तयारी न करता पॉलिश केलं तर पॅडखाली तेच कण अडकून नवे ओरखडे पाडतात. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे गोल डाग असतील तर तेही आधी आम्लयुक्त वॉटर स्पॉट रिमूव्हरने काढून बघा. क्षारांचा थर रसायनाने सुटत असेल तर त्यासाठी क्लिअर कोट का खर्च करायचा?

बोनेटवर मास्किंग टेपने साधारण दीड फुटाचे चौकोन आखा, शेजारी शेजारी दोन-तीन. बोनेटच्या कडा आणि उठावाच्या रेघा टाळा, तिथे रंग मुळातच पातळ असतो. पहिल्या चौकोनावर मध्यम फोम आणि फिनिशिंग पॉलिश. पॅड नवं असेल तर त्याच्या तोंडावर पॉलिश हाताने पातळ पसरवून मुरवून घ्या, मग वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. मशीन बंद असतानाच पॅडने थेंब चौकोनभर टेकवून घ्या, नाहीतर चालू करताच ते काचेवर उडतील. मग कमी वेगाने पसरवा, वेग वाढवा आणि मशीन सावकाश न्या, इतकं सावकाश की कंटाळा यावा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या निम्म्यावर चढला पाहिजे. आधी आडवं, मग उभं, असे चार ते सहा फेरे. दाब मशीनच्या वजनापेक्षा थोडासाच जास्त. पॉलिशचा थर पांढऱ्यावरून पारदर्शक होत जाताना दिसतो. पुसा, अल्कोहोलने परत पुसा, आणि घरातले दिवे घालवून एका एलईडी टॉर्चने तिरकं बघा.

सगळे ओरखडे गेले असतील तर निवड झाली, पुढे काहीच शोधू नका. बारीक गेले आणि मध्यम राहिले, तर दुसऱ्या, ताज्या चौकोनावर जा. त्याच चौकोनावर पुन्हा घासलं तर निकाल कशाचा हे कळणार नाही. इथे एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी आधी पॅड बदलतो: तेच पॉलिश, कडक फोम. तरी अपुरं पडलं तर परत मध्यम फोमवर येऊन पहिल्या चौकोनाच्या तुलनेत फक्त पॉलिश बदलायचं: मीडियम पॉलिश. त्यानंतर कंपाउंड, आणि अगदी शेवटी मायक्रोफायबर पॅड आणि कंपाउंड. दोन्ही एकदम बदलले की फरक पॅडचा की पॉलिशचा हे शोधत बसाल.

ओरखडे गेले पण काळा रंग राखाडी, धुरकट दिसतो? घाबरू नका. कट जोरदार झाला, त्याच्या स्वतःच्या सूक्ष्म रेघा उरल्या. मऊ फोम आणि फिनिशिंग पॉलिशचा एक हात त्या काढतो. कडक रंगावर हा दुसरा हात कधी कधी लागतही नाही. मऊ काळ्या रंगावर मात्र वेळ सगळा इथेच जातो. तिथे दाब सोडून द्यावा, पॅड अगदी स्वच्छ असावं, आणि पुसायचं फडकं नवं असावं.

शंभर टक्के ओरखडे काढायचा हट्ट रोजच्या वापराच्या गाडीसाठी मला पटत नाही. बहुतेक जाळी जाऊन दोन-चार खोल रेघा राहिल्या तर त्या राहू द्याव्यात. तेवढा क्लिअर कोट पुढच्या वर्षांसाठी शिल्लक राहतो.

ऊन, घाम आणि पॅड

विदर्भात मे महिन्यात उन्हातल्या बोनेटला हात लावता येत नाही. अशा पत्र्यावर पॉलिश पसरायच्या आत वाळतं, चिकटतं आणि मग लोक बाटलीला दोष देतात. पत्रा हाताला गार लागला पाहिजे. सावली, शक्यतो सकाळची वेळ. पावसाळ्यातल्या दमट हवेत उलट होतं, पॉलिश ओलसर राहतं आणि दोन-तीन फेरे जास्त लागतात.

पॅड ओलं आणि जड झालं की बाजूला काढा. भरलेलं पॅड कापत नाही, नुसतं तापतं, आणि तापलेल्या फोमचं मागचं व्हेल्क्रो सुटतं. म्हणून एका पॅडवर पूर्ण गाडी ओढायची नाही. पहिल्यांदा सामान घेताना एक फिनिशिंग पॉलिश, एक मीडियम किंवा हेवी कंपाउंड, शक्यतो दोन्ही एकाच कंपनीचं. मध्यम आणि कडक फोमची मिळून चार पॅड, मऊ फोमची दोन, मायक्रोफायबरची दोन आणि ३ इंचाची दोन. बाटल्या छोट्या घेतल्या तरी चालतील, एका गाडीला वाटतं त्यापेक्षा कमी पॉलिश लागतं. काम झालं की पॅड वाळायच्या आत साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, पिळवटू नका, दाबून पाणी काढा आणि सावलीत सुकवा. प्रत्येकाच्या मागे त्यावर कोणतं पॉलिश वापरलं ते मार्करने लिहून ठेवा, म्हणजे कंपाउंडचे कण पुढच्या वेळी फिनिशिंगच्या पॅडमधून गाडीवर येणार नाहीत.